कोलंबियावरचा नवा आय-५ पूल आणि टोल: १८ नोव्हेंबरच्या आत काय लिहून द्यावं?

सावित्रीकाठ · २० ऑक्टोबर २०२४

नमस्कार मंडळी. प्रश्न पोर्टलंड-व्हँकुव्हरकडच्या लोकांसाठी आहे, पण पुलांच्या कामातलं कळणाऱ्या कुणीही उत्तर दिलं तरी हवंच आहे. (व्हँकुव्हर म्हणजे कॅनडातलं नाही, कोलंबिया नदीच्या उत्तर काठावरचं, वॉशिंग्टन राज्यातलं. पोर्टलंड दक्षिण काठावर, ओरेगन राज्यात.)

आम्ही सॅमन क्रीकला भाड्याने राहतो. मी नदीपलीकडे पोर्टलंडमध्ये एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये आहे, नवरा हिल्सबरोला. दोघांचाही रस्ता आय-५ हमरस्त्याच्या जुन्या पुलावरून. ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगते: शेजारी शेजारी दोन हिरवे लोखंडी पूल, प्रत्येकावर तीन लेन, आणि कडेला गाडी काढून उभी करायला वीतभर जागा नाही. एखादी गाडी बंद पडली की मागे मैलभर रांग. मोठी नाव आली की मधला गाळा सरळ वर उचलतात. आधी लाल दिवा, मग दांडे खाली येतात, लोक इंजिन बंद करतात, काही जण उतरून कठड्याशी जाऊन उभे राहतात. मेक्सिकोच्या सीमेपासून कॅनडाच्या सीमेपर्यंत आय-५ वर लाल दिव्याला थांबावं लागतं ते फक्त इथे.

मी मूळची महाडची. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूल पुरात गेला आणि त्याच्यासोबत दोन एसटी बस गेल्या. त्या रात्री आमच्या आळीत कुणी झोपलं नव्हतं. त्यामुळे इथे पूल नवा हवा याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण नव्या पुलाला टोल लागणार, आणि तोही पूल बांधून व्हायच्या आधीच, जुन्या पुलावर, २०२६ च्या वसंतापासून, असं वाचलं. प्रकल्पाच्या पर्यावरण अहवालाचा मसुदा २० सप्टेंबरला आला आहे आणि लोकांनी १८ नोव्हेंबरपर्यंत म्हणणं मांडायचं आहे. मसुदा उघडला, पण हजारो पानं आहेत, कुठून सुरुवात करावी तेच कळेना.

मला तीन-चार गोष्टी समजून घ्यायच्या आहेत. टोल नक्की किती पडेल? सगळे लोक पूर्वेकडच्या आय-२०५ हमरस्त्याच्या पुलावर वळले तर तिथे काय होईल? आम्ही घर घ्यायच्या विचारात आहोत, ते या काठाला घ्यावं की त्या? आणि मुख्य म्हणजे, लिहून दिल्याने काही फरक पडतो का, पडत असेल तर काय लिहावं?

---

पंचगंगा · २० ऑक्टोबर २०२४

ताई, मी ठाम विरोधात आहे आणि कारणं सांगतो.

माझा डब्यांचा छोटा धंदा आहे. स्वयंपाक व्हँकुव्हरमध्ये होतो, गिऱ्हाईक सगळं बीव्हर्टन आणि हिल्सबरोचं. गाडी रोज जाते आणि रोज येते. टोल दोन्ही बाजूंनी घेणार आहेत. आयटीतला माणूस हवं तर घरी बसून काम करेल, पण आमटी-भात इंटरनेटवरून जात नाही. टोल डब्याच्या किमतीत घातला तर गिऱ्हाईक तुटतंय, नाही घातला तर माझ्या हातात काही उरत नाही.

दुसरं म्हणजे आमच्या कोल्हापुरानं टोल बघितलाय. शहरातल्या रस्त्यांवर नाके बसवले होते. एन. डी. पाटील सरांसारखा वयोवृद्ध माणूस रस्त्यावर उतरला, सगळं शहर पाठीमागं उभं राहिलं, तेव्हा कुठं २०१५ च्या अखेरीला सरकारनं माघार घेतली. परवा १४ तारखेच्या मध्यरात्रीपासून मुंबईच्या पाचही नाक्यांवर लहान गाड्यांना टोल माफ झाला. तिथं लोक इतकी वर्षं भरत होते. म्हणून माझं म्हणणं असं की एकदा सुरू झालेला टोल आपणहून कधी बंद होत नाही, लोकांनी रेटा लावला तरच होतो. वॉशिंग्टनला राहून ओरेगनात काम करणारे आपण ओरेगनला इन्कम टॅक्स भरतोच की. वर पुन्हा पुलाचे वेगळे कशापायी?

पूल करा, जरूर करा. पण आय-५ हा केंद्राचा हमरस्ता आहे, तर पैसे केंद्रानं द्यावेत.

---

कृष्णाघाट · २१ ऑक्टोबर २०२४

सावित्रीकाठ, तुमचा प्रश्न वाचून लगेच लिहायला बसले. मी वाईची, स्ट्रक्चरल इंजिनिअर, इथे व्हँकुव्हरमध्ये बरीच वर्षं आहे. या प्रकल्पावर मी काम करत नाही आणि माझी कंपनीही नाही, तेव्हा जे वाटतं ते मोकळेपणाने लिहिते. मोठं होईल.

आधी पुलाबद्दल, कारण टोलच्या भांडणात ते मागे पडतं. दोनपैकी उत्तरेकडे जाणारा पूल १९१७ चा आहे आणि दक्षिणेकडे येणारा १९५८ चा. दोन्ही पूल नदीतल्या वाळूत ठोकलेल्या लाकडी खांबांवर उभे आहेत. लाकूड कायम पाण्याखाली राहिलं तर कुजत नाही, त्यामुळे रोजच्या भाराला त्या खांबांचं काही बिघडलेलं नाही. धोका भूकंपाचा आहे. आपल्या किनाऱ्यासमोर समुद्राखाली कॅस्केडियाची भेग आहे. ती शेवटची २६ जानेवारी १७०० ला सरकली, अंदाजे ९ रिश्टरच्या आसपास. तारीख इतकी नेमकी कळते, कारण त्या लाटा जपानपर्यंत पोहोचल्या आणि तिथे लिहून ठेवलेल्या सापडल्या. असा हादरा बसतो तेव्हा पाण्याने भरलेल्या वाळूतल्या कणांमधला दाब वाढतो, कण एकमेकांना सोडतात आणि वाळू पातळ होऊन वाहते. मग खांबाला बाजूने धरून ठेवणारं काहीच राहत नाही. वरचं लोखंड कितीही डागडुजी करून टिकवलं तरी पायाचा हा प्रश्न सुटत नाही. नव्या पुलाचे खांब ही वाळू ओलांडून खालच्या ट्राउटडेल नावाच्या घट्ट खडीच्या थरात न्यायचे आहेत. सावित्रीवर पुराच्या पाण्याने घात केला, इथे जमीन करेल. तुमच्या पोटात जे कालवतं त्याला आधार आहे.

उचलायच्या गाळ्याचंही वय झालं आहे. २०२० च्या सप्टेंबरात १९१७ च्या पुलाच्या मनोऱ्यावरचा एक ट्रनियन, म्हणजे ज्याच्यावर दोरांचं चाक फिरतं तो आस, तडा गेल्यामुळे बदलावा लागला. तो पूल काही दिवस पूर्ण बंद ठेवून सगळी वाहतूक दुसऱ्यावरून काढली होती. तेव्हा इथे असलेल्यांना आठवत असेल.

मग इतकी वर्षं झालं का नाही? झालं होतं, जवळजवळ. कोलंबिया रिव्हर क्रॉसिंग नावाने हाच पूल आखला होता, डिसेंबर २०११ मध्ये केंद्राची मान्यताही मिळाली होती. २०१३ मध्ये वॉशिंग्टनच्या सिनेटने पैसे द्यायला नकार दिला आणि २०१४ मध्ये गाशा गुंडाळला. नुसत्या आखणीवर जवळपास २० कोटी डॉलर गेले, एक खांबही उभा राहिला नाही. भांडण तेव्हाही याच गोष्टींचं होतं: टोल, व्हँकुव्हरला येणारी मॅक्स (पोर्टलंडची शहरी रेल्वे), आणि उंची.

उंचीबद्दल सांगायलाच हवं, कारण हा पूल आखणं किती अवघड आहे ते तिथे दिसतं. आज गाळा पूर्ण उचलला की खालून १७८ फूट मोकळे मिळतात. २०२२ मध्ये तटरक्षक दलाने प्राथमिक मत दिलं की नव्या पुलालाही तेवढेच हवेत. प्रकल्पवाल्यांना ११६ फुटांचा, न उघडणारा पूल हवा आहे. १७८ फुटांचा स्थिर पूल बांधला तर चढ इतका लांबतो की व्हँकुव्हरचं डाउनटाउन पुलाच्या सावलीत जातं. उचलता गाळा ठेवला तर मनोरे आले, आणि मनोऱ्यांच्या अगदी शेजारी पिअरसन फील्डचं छोटं विमानतळ आहे. (१९३७ मध्ये सोव्हिएत वैमानिक चकालोव्ह मॉस्कोहून उत्तर ध्रुवावरून उडत येऊन इथेच उतरला होता. मुलांना दाखवायला न्या, फोर्ट व्हँकुव्हरला लागूनच आहे.) त्यात पुलाच्या थोडं खाली १९०८ चा रेल्वेचा पूल आहे. त्याचा उघडणारा भाग उत्तर काठाजवळ, आणि आपल्या पुलाखालची जास्त उंचीची वाट नदीच्या मध्याकडे. गाळा उचलायला न लावता जायचं तर बार्जवाल्यांना पुराच्या ओढीत दोन पुलांच्या मधे नागमोडी वळण घ्यावं लागतं. म्हणून मसुद्यात तीन प्रकार अजून खुले आहेत: दुमजली स्थिर, एकमजली स्थिर आणि एकमजली उचलता.

आता पैसे. २०२२ च्या शेवटी सांगितलेला अंदाज ५ ते ७.५ अब्ज डॉलर, बहुधा ६. पंचगंगा, तुम्ही म्हणता केंद्राने द्यावेत, तर केंद्राने बरेच दिले आहेत: डिसेंबर २०२३ मध्ये ६० कोटी, यंदा जुलैमध्ये जवळपास १५० कोटी. दोन्ही राज्यांचे प्रत्येकी १०० कोटी. रेल्वेसाठी वेगळे मागितले आहेत. तरी खिंडार राहतं, आणि ते टोलच्या हमीवर काढलेल्या कर्जाने बुजवायचं आहे. सव्वा अब्जाच्या आसपासचं ते कर्ज. टोलला नाही म्हटलं तर हा आकडा दुसऱ्या कुठून तरी आणावा लागेल आणि तो कुठून, हे दोन्हीकडच्या विधिमंडळांत कुणी सांगितलेलं नाही. २०१३ ची पुनरावृत्ती मला नको आहे.

आणि टोल कधी बंद होत नाही, हे निदान या पुलाच्या बाबतीत खरं नाही. १९१७ ला इथे ५ सेंट टोल होता, तो १९२९ च्या सुरुवातीला उठला. दुसरा पूल झाल्यावर १९६० मध्ये मोटारीला २० सेंट टोल बसला आणि कर्ज फिटल्यावर १९६६ मध्ये उठला. दोनदा लावला, दोनदा काढला. तिसऱ्यांदाही कर्ज फिटल्यावर काढायचा, असं आत्ताच लेखी मागायला हरकत नाही.

दर अजून ठरलेले नाहीत. दोन्ही राज्यांचे परिवहन आयोग मिळून ठरवतील. अभ्यासासाठी धरलेले आकडे एका फेरीला १.५५ पासून ४.७० डॉलरपर्यंत आहेत, वेळेप्रमाणे बदलणारे: रात्री कमी, गर्दीच्या वेळी जास्त. नाक्यावर थांबायचं नाही, काचेवर गुड टू गोचा स्टिकर, आपल्या फास्टॅगसारखा. सरासरी ३ डॉलर धरले आणि महिन्याचे २० कामाचे दिवस, तर माणशी १२० डॉलर. दोघं वेगवेगळ्या गाड्यांनी गेलात तर दुप्पट.

घराबद्दल थोडक्यात: नुसत्या टोलवरून काठ बदलू नका. भाडी, शाळा, विक्रीकर, नवऱ्याचे घरून कामाचे दिवस (वॉशिंग्टनात बसून केलेल्या कामावर ओरेगनचा कर लागत नाही) हे सगळं धरून हिशेब मांडा.

२०५ बद्दल उद्या लिहिते, तो खरा नाजूक भाग आहे.

---

सावित्रीकाठ · २१ ऑक्टोबर २०२४

ताई, इतकं सविस्तर कुणी सांगितलं नव्हतं. लाकडी खांबांचं वाचून आज सकाळी पूल ओलांडताना हात स्टिअरिंगवर घट्ट झाले, पण माहीत असलेलं बरं.

एक सांगा, माझी शिफ्ट पहाटे सुरू होते. मॅक्स आली तरी त्या वेळी मला ती मिळेल का? आमच्या लॅबमध्ये सफाईचं काम करणाऱ्या, सॅम्पल नेणाऱ्या बऱ्याच जणी व्हँकुव्हरच्याच आहेत, कारण इकडे भाडं परवडतं. त्यांना माझ्याहून पगार कमी आणि वेळाही अशाच अडनिड्या. मला १२० डॉलर टोचतील, त्यांचं तर महिन्याचं गणितच बिघडेल.

---

ओहायोतीर · २२ ऑक्टोबर २०२४

मी तिकडचा नाही, इंडियानातल्या जेफरसनव्हिलचा. नदी ओलांडली की केंटकीतलं लुईव्हिल. आमच्याकडे हे सगळं होऊन गेलं आहे, म्हणून लिहितो.

आमचा आय-६५ चा केनेडी पूल १९६३ चा. त्याच्या शेजारी नवा लिंकन पूल बांधला, शिवाय पूर्वेला लुईस अँड क्लार्क नावाचा आणखी एक. तिन्हींवर ३० डिसेंबर २०१६ पासून टोल. पण शहरातला सेकंड स्ट्रीटचा जुना पूल आणि पश्चिमेचा आय-६४ चा शर्मन मिंटन पूल, हे दोन्ही फुकट ठेवले.

पुढे काय झालं असेल ते ओळखा. आय-६५ वरची वाहतूक जवळपास निम्म्यावर आली. शेजारी शेजारी दोन प्रचंड पूल, त्यांच्याभोवती नवे रॅम्प, आणि ऐन संध्याकाळी तिथून गाडी सुसाट जाते. त्याच वेळी सेकंड स्ट्रीटच्या चार अरुंद लेनवर बंपरला बंपर. मी स्वतः तिथूनच जातो. ऑफिस डाउनटाउनमध्ये आहे आणि दोन-चार मिनिटं जास्त लागली तरी पैसे वाचतात. आमच्या गल्लीतले बहुतेक जण हेच करतात. टोल सुरुवातीला स्टिकरवाल्यांना २ डॉलर आणि बिनस्टिकरवाल्यांना ४ होता. महिन्यात ४० फेऱ्या झाल्या की स्टिकरवाल्यांना निम्मी सूट, म्हणजे रोज जाणाऱ्याला फेरी १ डॉलरला पडायची. ती सूट चांगली होती, ती जरूर मागा.

पूल सुंदर झाले आहेत, लिंकन पुलावरून रात्री जाताना छान वाटतं. पण एवढी रुंदी लागणार होती का, हा प्रश्न इथे सगळे विचारतात आणि तो पूल बांधून झाल्यावर विचारून उपयोग नसतो.

---

कृष्णाघाट · २२ ऑक्टोबर २०२४

ओहायोतीर, फार मोलाचं लिहिलंत. मला जे म्हणायचं आहे ते नेमकं इथेच आहे.

आपल्याकडे कोलंबियावर शहरात दोनच पूल. आय-५ चा, आणि सहा-सात मैल पूर्वेला २०५ चा ग्लेन जॅक्सन, १९८२ चा. टोल फक्त आय-५ वर लागणार आहे. ओरेगनचा आय-५ आणि २०५ या दोन्ही रस्त्यांवर टोल लावायचा वेगळा बेत होता, तो गव्हर्नर कोटेक यांनी यंदा मार्चमध्ये थांबवला. म्हणजे ग्लेन जॅक्सन फुकटच राहणार. गर्दीच्या वेळी तो आजच भरलेला असतो. सिएटलला ५२० च्या पुलावर डिसेंबर २०११ पासून टोल बसला, नवा पूल व्हायच्या आधी चार वर्षं, जसं इथे करायचं म्हणतात तसंच. लगेच बरीच वाहतूक शेजारच्या आय-९० वर गेली.

आता मसुद्यात बघा. प्रकल्प पाच मैलांचा आहे, सात इंटरचेंज नव्याने करायचे आहेत. नदीवरचा पूल हा त्यातला एक तुकडा. खर्चाचा फार मोठा हिस्सा रॅम्प, उन्नत रस्ते आणि जोडण्यांचा आहे. दोन्ही दिशांना तीन-तीन लेन आणि त्याशिवाय एक किंवा दोन सहायक लेन, म्हणजे एका इंटरचेंजपासून पुढच्यापर्यंत चढण्या-उतरण्यासाठीच्या जादा लेन, धरल्या आहेत. हे आकारमान वीस वर्षांनंतर किती गाड्या येतील त्या भाकितावर ठरतं. आज सरासरी दिवसाला १ लाख ४० हजारांच्या आसपास गाड्या जातात. आता टोल लावला की त्यातल्या किती कमी होतील, किती २०५ वर जातील, किती बसने जातील, किती लोक ती फेरीच टाळतील, यावर सगळं अवलंबून आहे.

माझं म्हणणं असं की टोल हा पुलाच्या आराखड्याचाच भाग धरला पाहिजे. किती लेन, किती इंटरचेंज, हे टोलचा परिणाम प्रत्यक्ष मोजून ठरवावं. त्यांना टोल आधी लावायचाच आहे ना? मग लावा कमी दराने, वर्षभर दोन्ही पुलांवर गाड्या मोजा आणि ते आकडे जाहीर करा. भूकंपात टिकणारा पाया, कडेला गाडी काढायला जागा, रेल्वे, चालणाऱ्या आणि सायकलवाल्यांना नीट वाट (आज जेमतेम चार फुटांची आहे, ट्रक शेजारून गेला की सदरा फडफडतो), यांतलं काहीही त्या आकड्यांसाठी अडून राहत नाही. ते आजच करायला घ्या. पण सहायक लेन आणि शेवटचे इंटरचेंज मोजणी झाल्यावर. कदाचित त्यातून इतके पैसे वाचतील की टोलचं कर्जच लहान होईल, आणि पंचगंगांच्या डब्याला कमी झळ बसेल.

इंजिनिअर लोक याला नाक मुरडतात, मला माहीत आहे. टप्प्याटप्प्याने केलं की महागाईने खर्च वाढतो, ठेकेदार पुन्हा पुन्हा आणावा लागतो. खरं आहे. तरी पन्नास-शंभर वर्षं उभी राहणारी वस्तू भाकितावर बांधण्यापेक्षा मला तो धोका पत्करण्यासारखा वाटतो.

सावित्रीकाठ, मॅक्सचं: यलो लाइन आज एक्स्पो सेंटरला संपते, ती पुढे व्हँकुव्हरमध्ये दोनेक मैल यायची आहे. पहाटेची पहिली गाडी किती वाजता असावी, हे लिहून मागण्यासारखंच आहे. तुम्ही म्हणता त्या बायकांचं तर पहिल्या परिच्छेदात लिहा. कमी उत्पन्नवाल्यांना सवलत द्यायचा विचार आयोग करत आहेत, पण ती नक्की झालेली नाही. सवलतीसाठी वेगळा अर्ज, पगाराचे कागद, असं लचांड लावलं तर निम्म्या जणी अर्जच करणार नाहीत. ज्यांना आधीच सरकारी अन्नमदत किंवा आरोग्य योजना मिळते त्यांना ती आपोआप लागू व्हावी, असं मागा.

आणि फरक पडतो का? या कायद्याखाली, म्हणजे १९६९ च्या राष्ट्रीय पर्यावरण धोरण कायद्याखाली, मुद्देसूद हरकतीला अंतिम अहवालात उत्तर देणं त्यांना भाग आहे. 'टोल नको' एवढंच लिहिलंत तर 'नोंद घेतली' असं एका ओळीचं उत्तर येईल. 'टोलमुळे ग्लेन जॅक्सनवर सकाळी ६ ते ९ किती गाड्या वाढतील आणि त्यावर उपाय काय' असं विचारलंत तर आकडे द्यावे लागतील. म्हणून प्रश्न विचारा, आणि शक्य तितके नेमके विचारा.

---

पंचगंगा · २३ ऑक्टोबर २०२४

१९२९ आणि १९६६ चं मला ठाऊक नव्हतं. तरी टोलला माझी हरकत आहे ती आहेच, पण ताई म्हणतात तसं आधी मोजा मग रुंदी ठरवा, हे पटतंय. मी दोन गोष्टी लिहून देणार. एक, रोज येणं-जाणं करणाऱ्या छोट्या धंद्याच्या गाडीला लुईव्हिलसारखी महिन्याची सूट. डबेवाल्याची व्हॅन आणि अठरा चाकी ट्रक एकाच तागडीत नको. दोन, कर्ज फिटलं की टोल बंद, हे ठरावात तारखेसकट.

माझ्याकडं बीव्हर्टनला रोज जाणारे आणखी दोघे-तिघे आपले लोक आहेत, एक केक करणाऱ्या वहिनी आहेत, एक किराणावाला. त्यांनाही बसवून लिहायला लावतो. इंग्रजी तपासून द्याल का कुणी?

---

कृष्णाघाट · २३ ऑक्टोबर २०२४

मला पाठवा, मी बघते. पण मजकूर सगळ्यांचा सारखा नको. एकच पत्र दहा जणांनी पाठवलं की ते एकत्र मोजून एकच उत्तर देतात. ज्याने त्याने आपल्या कामाचं लिहावं: कुठून कुठे, किती वाजता, कशासाठी.

---

सावित्रीकाठ · २७ ऑक्टोबर २०२४

लिहिलं. रविवार दुपार गेली. इथे मराठीत सारांश देते, काही राहिलं असेल तर सांगा.

पहिला परिच्छेद लॅबमधल्या मैत्रिणींचा. पहाटे साडेचारला घरातून निघणाऱ्या बाईला तेव्हा ना बस आहे ना रेल्वे, तर गर्दी नसलेल्या त्या वेळी टोल शून्य का असू नये, हा प्रश्न. सवलत अन्नमदतीच्या कार्डाला आपोआप जोडावी, ही मागणी. दुसरा परिच्छेद ग्लेन जॅक्सनचा: सकाळच्या तीन तासांत तिथे किती गाड्या वाढतील, त्या सगळ्या एसआर-१४ वर (व्हँकुव्हरच्या बाजूने नदीकाठाने जाणारा राज्यमार्ग) कशा मावतील, आणि तिथल्या वस्तीतल्या रस्त्यांवर त्याचा काय परिणाम होईल. तिसरा, टोल लागल्यावर वर्षभराची मोजणी जाहीर करून मगच सहायक लेनचा निर्णय घ्यावा. त्यात लुईव्हिलचा दाखला घातला आहे. ओहायोतीर, तुमचे आभार. चौथा अगदी लहान: पाया आणि खांबांचं काम कशासाठीही थांबवू नये. तिथे सावित्रीबद्दल लिहिलं. नवऱ्याने विचारलं की इथल्या लोकांना महाड काय कळणार. मी ते तसंच ठेवलं.

घराचं म्हणाल तर याच काठाला बघतो आहोत, मिल प्लेन रस्त्याच्या बाजूला, म्हणजे १०५ नंबरची पोर्टलंडला जाणारी एक्सप्रेस बस नवऱ्याला निदान डाउनटाउनपर्यंत नेईल आणि पुढे मॅक्स आहेच. तिकडे राहणारं कुणी असेल तर शाळांबद्दल विचारायचं आहे, पण त्यासाठी वेगळा धागा काढते.

---

कृष्णाघाट · २७ ऑक्टोबर २०२४

छान झालं आहे. एकच भर: एसआर-१४ चं लिहिलं आहेच, तर व्हँकुव्हरच्या पूर्वेकडचं मिल प्लेन आणि १६४ वा अव्हेन्यू यांचीही नावं घाला. नाव घातलं की त्या चौकाची मोजणी त्यांना दाखवावी लागते. आणि पाठवल्यावर पोच आली की ती जपून ठेवा, अंतिम अहवालात तुमचं उत्तर त्या क्रमांकावरून शोधता येईल.